उरलेल्या डोळ्याची काटकसर

पाच वर्षांची असताना मुंबईच्या एका दवाखान्यात माझा डावा डोळा काढला. कर्करोग होता. उजव्यावर किरणांचे उपचार झाले आणि तो वाचला, पण अधू झाला. वलगावला परत निघताना डॉक्टरांनी माझ्या बाला बजावलं, "डोळा सांभाळा." आमच्या घरच्यांनी त्याचा अर्थ असा काढला, की डोळा वापरला की झिजतो. आता एकच उरलाय, तर तो निदान लग्नापर्यंत तरी पुरवायला हवा.

मग काय, माझी चैन! मी पुस्तक उघडलं की माय ओरडायची, "ठेव ते, डोया झिजते!" घरकामही नाही. थोरली बहीण माझ्या वाटची भांडी घासे. भांडी घासायला कुठं डोळे लागतात, असं ती विचारी. कुणी ऐकत नसे.

आम्ही बौद्ध होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. पोरीला शिकवणारच, असं बा चारचौघांत छाती ठोकून सांगायचा. घरी मात्र माझ्या हातात पाटी दिसली की तोच ती काढून घ्यायचा. परिणामी मी दुसरीत दुसऱ्यांदा बसले होते आणि तरीही फळ्यावरचं मला ओ की ठो कळत नव्हतं.

आमच्या शाळेतल्या बाई अमरावतीहून सर्व्हिसच्या मोटारीनं यायच्या. त्यांनी पालकांना शाळेत बोलावलं. वेळ सकाळी अकराची आणि दिवस कापूस वेचणीचे, कोण जाणार? मग बाईंनी चिठ्ठी लिहून माझ्याच हाती दिली. घरात शाळा पाहिलेली विद्वान म्हणजे मीच. मी कागद नाकाला लावला आणि घडाघडा वाचलं, "पोरीला अभ्यासाचा त्रास देऊ नये. रोज गूळ-शेंगदाणे द्यावेत."

बानं त्याच संध्याकाळी गूळ आणला.

आठवड्यानं बाई थेट वावरात आल्या. "घरी हिच्याकडून रोज वाचून घ्या म्हणून लिहिलं होतं ना? यंदा नापास झाली तर शाळेतून नाव कमी होईल."

बानं बंडीच्या खिशातून चिठ्ठी काढली. बाईंनी ती वाचून दाखवली. गुळाचं नावही नव्हतं. मी मार खायच्या तयारीनं उभी राहिले. बानं कागद माझ्यापुढं धरला. "आता खरं वाच."

पण चिठ्ठी तरी मी कुठं वाचली होती? त्या बारीक अक्षरांतलं मला काही दिसलंच नव्हतं. लाज वाटली म्हणून मनचं ठोकून दिलं होतं. "मले दिसत नाई, बा," म्हणाले आणि भोकाड पसरलं.

माय वावराच्या कडेला धुऱ्यावर मटकन बसली. "म्हंजे डोया इतका जपूनबी गेलाच का?"

"गेला नाही," बाई म्हणाल्या. "आणि वापरून झिजतही नाही. तिला अक्षर मोठं हवं. ते तुम्ही काढून द्या."

"मले कुठं येते, बाई?"

"रांगोळी येते ना? मी कित्ता देते. तसंच्या तसं काढायचं."

त्या दिवसापासून मायनं माझा पिच्छा पुरवला. वेचणीला जाण्याआधी ती गेरूनं भिंतीवर हातभर अक्षरं काढायची, त्यातली निम्मी उलटी. मी चूक दाखवली की म्हणायची, "मोठी शायनी! मंग तूच काढ." भिंत वाचल्याशिवाय भाकर नाही. बाईंची मोटार रस्त्यात बंद पडावी, अशी मी रोज मनोमन प्रार्थना करत होते.

परीक्षेला बाईंनी मला प्रश्न ठळक अक्षरांत लिहून दिले. निकालाच्या दिवशी मायबाप दोघंही शाळेत आले. बाई सांगायला तोंड उघडणार, तोच मायनं त्यांना हातानं थांबवलं आणि निकालाचा कागद ओढून घेतला. तिचं बोट एका अक्षरावर कितीतरी वेळ अडलं. मग बोट पुढं सरकलं.

"पास हाये," ती बाला म्हणाली.

"तुले कोनं सांगतलं?"

"कोनं सांगाले पायजे? म्या वाचलं."

बा तिच्या तोंडाकडं बघतच राहिला. बाईंनी चष्मा काढून पदरानं डोळे पुसले. पास मी झाले होते, पण माझ्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.