सुनीताला आलेली मागणी

शुद्धलेखनाचं आधीच सांगून ठेवतो. मी नववीत शाळा सोडली, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ इकडचं तिकडं झालं तर पोटात घाला. शब्दही साधेच आहेत. पण जे घडलं त्याला भारी शब्दांची गरजच नाही. वाचून तुम्ही म्हणाल, माणूस एवढा गाढव असतो? असतो. त्यानंच हे लिहिलंय. चहा घ्या, सांगतो.

सुनीता माझी धाकटी बहीण. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेलं पहिलं माणूस. तिला पुढं एम.ए. करायचं होतं, उपयोजित अर्थशास्त्रात. हे नाव न अडखळता म्हणायला मला कितीतरी दिवस लागले! सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात तिनं अर्ज केला. तिचा फोन सारखा बंद पडायचा, म्हणून अर्जात नंबर दिला माझा. इथंच घात झाला.

वडील नाहीत, त्यामुळं घरात शेवटचा शब्द मामांचा. मामा फौजेतून हवालदार होऊन आलेले. त्यांनी सुनीताला साफ सांगितलं होतं, "औंदा ॲडमिशन मिळाली तर शीक. न्हाई मिळाली तर पोरगं बघतो. फुल स्टॉप!"

त्या दिवसापासून पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मी पिकअप चालवतो. त्या दिवशी कोयनानगरला डाळिंबं उतरवून म्हसवडकडं परत निघालो होतो. घाटात फोन वाजला. गाडी कडेला घेतली. आता घाटातली रेंज तुम्हाला ठाऊकच आहे. माहेरवाशिणीसारखी असते ती, आली म्हणेपर्यंत निघाली!

"हॅलो, सुनीताचे बंधू का? मी कॉलेजमधून बोलतोय, प्राध्यापक..." खर्रर्र. "अर्जावरून नंबर घेतला. ते मागणीचं... मला फार आवडलं... त्या मागणीबद्दल समोरासमोर बसून बोलू. शनिवारी तिला घेऊन या... घरचं मोठं कुणी आलं तरी हरकत नाही. आमच्याकडून मॅडम असतील, बाहेरचे एक जण असतील... चार प्रश्न विचारू. जागा एकच आहे, त्यामुळे लवकर ठरवायचंय."

फोन तुटला. मी स्टेअरिंग धरून तसाच बसलो.

मागणी? माझ्या बहिणीला? तीही फोनवर? आणि अर्जावरून नंबर घेतला म्हणतोय! म्हणजे फोटोही अर्जावरचाच बघितला असणार की! ‘जागा एकच’ म्हणाला त्याचा अर्थ मी असा लावला, की राहायला खोली एकच असेल. म्हटलं, माणूस प्रामाणिक आहे, आधीच सांगतोय.

तुम्ही म्हणाल, परत फोन करून विचारायचं ना? बरोबर आहे तुमचं. पण परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. मी हॉर्नसुद्धा लाजत वाजवतो!

घरी आलो तर मामा आरशासमोर दाढी करत होते. अर्धा गाल फेसात.

"मामा, एक सांगू का? रागवू नका."

"बोल की रं."

"आपल्या सुनीताला मागणी आलीया."

वस्तरा थांबला. "कुणाची?"

"कॉलेजातल्या सरांची. सांगलीच्या."

"वय काय?"

"इचारलं न्हाई."

"जमीन किती?"

"ते बी न्हाई इचारलं."

"मग फोनवर तू केलंस तरी काय?"

"व्हय व्हय म्हणालो."

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, की फौजेत असतो तर मला मैदानाला चकरा मारायला लावल्या असत्या. मग त्यांनी उरलेला गाल पुसला आणि विचार केला. "नोकरदार हाय. सांगलीचा हाय. बघून घ्यायला काय जातंय? पण पोरीला इतक्यात काय बोलायचं न्हाई. तिला सांग, कॉलेजात मुलाखतीला बोलावलंय."

"म्हंजी खोटं?"

"डावपेच म्हणत्यात त्येला, गड्या!"

बघा आता! बहिणीशी जन्मात कधी खोटं बोललो नव्हतो. पहिल्यांदा बोललो, तर तेच खरं होतं आणि मला ते माहीत नव्हतं!

सुनीता मुलाखत म्हटल्यावर उड्याच मारायला लागली. शनिवारी मामींनी तिला हिरवी साडी नेसवली.

"मुलाखतीला साडी कशाला, मामी?"

"सर लोकांम्होरं साडीतच बरं दिसतंय. गप नेस."

पोरगी इतकी घाबरली होती की तिनं वाद घातला नाही. विट्यावरून सांगलीपर्यंत सारखी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. सिद्धांत पाठ करत होती बिचारी. मामा फेटा सावरत माझ्या कानाशी आले. "स्तोत्र म्हणतीया रं. संस्कार हायत पोरीवर."

मी म्हणालो, "व्हय."

कॉलेजात एका खोलीत आम्हाला बसवलं. समोर तिघं. एक मॅडम, एक चष्मेवाले बाहेरगावचे पाहुणे, आणि मधोमध सर. सरांचे केस पांढरेशुभ्र!

"ह्यो?" मामा दात आवळून कुजबुजले. "ह्यो तर माझ्याबरूबर भरती झाला असंल!"

"मुलासाठी असंल, मामा."

"मग मुलगा कुठाय?"

सर हसले. "बसा, बसा. तर सुनीता, आपण मागणीपासूनच सुरुवात करू."

"आमचं बी त्येच म्हणणं," मामा म्हणाले. "आडवळण नको."

"उत्तम. मला सांगा, मागणी मुळात कशामुळे निर्माण होते?"

सुनीतानं तोंड उघडलं. तेवढ्यात मामा ठणकावून म्हणाले, "घराण्यामुळं!"

मॅडमनी मान खाली घातली. सर म्हणाले, "तिला बोलू द्या हं. बरं सुनीता, किमतीचा मागणीवर काय परिणाम होतो?"

खुर्ची करकरली. मामा उभे!

"किंमत? आलासा का शेवटी पैशावर? एक दमडी हुंडा मिळणार न्हाई! शिकल्याली माणसं तुमी, लाज वाटाया पायजे! अन् हुंडा मागताय, पर नवरदेव कुठाय? आदी नवरदेव तर दावा!"

बाहेरगावच्या पाहुण्यांनी खरोखर टेबलाखाली वाकून बघितलं.

"नवरदेव?" सरांचा आवाज चिरकला.

सुनीतानं मामांच्या फेट्याकडं बघितलं. मग स्वतःच्या साडीकडं. मग अगदी सावकाश माझ्याकडं.

"दाद्या, काय सांगितलंस तू ह्यास्नी?"

"सर... तुमीच फोनवर... मागणी..."

"अहो, मी तिच्या अर्जासोबतच्या निबंधाबद्दल बोलत होतो!" सर ओरडलेच. "दुष्काळातल्या चाऱ्याच्या मागणीबद्दल!"

चाऱ्याच्या! अहो, मी पिकअपमधनं वैरण वाहतो. वैरणीला मागणी असते हे मला कुणी शिकवायला नको. पण मधला चारा तेवढा घाटातच सांडला होता!

मामा मटकन खाली बसले. माझ्या डोळ्यांपुढं एकच दिसत होतं. ती एकुलती एक जागा गेली. आता मामा पोरगं बघणार. बहिणीचं शिक्षण मी माझ्या हातानं बुडवलं, तेही व्हय व्हय म्हणून!

सुनीताचे डोळे भरले होते. पण ती उठली नाही. तिनं पदर खोचला.

"सर, प्रश्नाचं उत्तर देऊ का?"

"अं? हो, द्या."

"किंमत वाढली की मागणी घटते, असा नियम आहे. पण लग्नाच्या बाजारात उलटं दिसतं. नवरदेवाचा भाव जेवढा जास्त, तेवढी त्याला मागणी जास्त. आत्ता मामांनी तो भाव शून्यावर आणला. आता बघा सर, ह्या खोलीत एकसुद्धा नवरदेव शिल्लक आहे का?"

आधी मॅडमना हसू फुटलं, मग पाहुण्यांना, आणि सर तर रुमालानं डोळे पुसायला लागले.

"सोमवारी प्रवेश घ्यायला या," ते म्हणाले. "एकट्या आलात तरी चालेल."

येताना गाडीत मामा तिच्याकडं बघून म्हणाले, "शीक बाय तू. आमी आडवं येत न्हाई." सुनीता त्यांच्याशी बोलली, मामींशी फोनवर बोलली, माझ्याशी नाही. घर आल्यावर एवढंच म्हणाली, "दाद्या, सकाळी सरांना फोन कर आणि माफी माग. तुझ्या तोंडानं."

सकाळी उठलो. गोठ्यामागं जाऊन चार वाक्यं घोकून घोकून पाठ केली. देवाचं नाव घेऊन फोन लावला. पलीकडून बाईचा आवाज!

"सर आंघोळीला गेलेत. मी त्यांची पत्नी. काही निरोप आहे का?"

झालं! पाठ केलेली चारही वाक्यं पळाली. जे तोंडात आलं ते मी एका दमात बोलून टाकलं.

"बाई, सरांना एवढंच सांगा. त्यांनी माझ्या बहिणीला मागणी घातलीच न्हवती!"

एकेक शब्द तोलत बाई म्हणाल्या, "कुणी... कुणाला... काय घातली नव्हती?"

मी फोन बंद केला. मागं सुनीता उभी होती.

"मागितलीस माफी?"

"व्हय."

"काय म्हणाले सर?"

मी पायात चपला सरकवल्या. म्हणालो, "शेळ्यांना पाला घेऊन येतो," आणि तडक रानात निघून गेलो.

आमच्याकडं शेळ्या नाहीत.