जुना की नवा? हॅमिल्टनच्या मैदानावर ऐकलेला वाद

माझे शालेय शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. तरीही हे प्रवासवर्णन मी स्वतःच्या हाताने लिहिले असून सूनबाई स्नेहल यांनी ते केवळ संगणकावर चढवले आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले परदेशी असतात आणि 'एकदा येऊन जा' असा त्यांचा आग्रह असतो. जे वडीलधारे अजून 'जाऊ, पाहू' म्हणत आहेत, त्यांना यातून काही उपयोग व्हावा, हा माझा हेतू आहे.

माझा मुलगा मिलिंद कॅनडात विंडसर येथे मोटारींच्या कारखान्यात अभियंता आहे. त्याचा आग्रह मी बरीच वर्षे टाळला, कारण आमच्या गावच्या कबड्डी संघाची जबाबदारी माझ्यावर आहे. संघ मीच निवडतो. यंदा दिवाळीनंतरच्या स्पर्धेत पहिली चढाई कोणी करायची, अनुभवी दत्तूने की विशीतल्या सूरजने, हा प्रश्न होता. निघताना मी मुलांना मैदानावर जमवले आणि सांगितले, "नाव मी तिकडून फोनवर कळवीन." सर्वांनी माना डोलावल्या. माझ्या मनात दत्तूचे नाव पक्के होते.

विमानप्रवासाविषयी थोडक्यात सांगतो. ज्येष्ठांनी आरोग्यविमा निघण्यापूर्वीच उतरवावा, तेथील दवाखाना विम्याशिवाय परवडत नाही. औषधांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्यावी. टोरांटोच्या विमानतळावर चाकांची खुर्ची देऊ केली जाते. मी ती नाकारली आणि चालत बाहेर आलो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मात्र संकोच करू नये.

विंडसर हे शांत शहर आहे. नदीकाठी उभे राहिले की समोर डेट्रॉइट, म्हणजे अमेरिका दिसते. तेथे आठवडा काढल्यावर मिलिंद म्हणाला, "आबा, या वीकेंडला हॅमिल्टनला जाऊ. संदेश बोलावतोय. फुटबॉलची मॅच आहे."

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. साडेतीन तासांचा रस्ता आहे. महामार्ग इतका सरळ की वळण आले तर बरे वाटावे. दोन्ही बाजूंना कापणीला आलेला मका व सोयाबीन, आणि त्यांत उभ्या पवनचक्क्या. स्नेहल यांनी दशम्या व शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली होती. आपणही तसेच करावे, कारण वाटेत थांबण्याच्या जागी कॉफी आणि गोड वडे, ज्यांना ते डोनट म्हणतात, यांखेरीज आपल्या जिभेला रुचेल असे काही मिळत नाही. तेथील स्वच्छतागृहे मात्र इतकी स्वच्छ, की आपल्या महामार्गांवर तशी केव्हा होतील, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

वाटेत संदेशचा फोन आला. हा नागपूरचा मुलगा, मिलिंदचा मित्र, हॅमिल्टनच्या रुग्णालयात संगणकाचे काम पाहतो. त्याचा आवाज गाडीभर ऐकू येत होता.

"काय बे मिलिंद, मागच्या आठवड्यात पाहिलं ना? पहिल्या क्वार्टरला म्हातारा एकदम रंगात असते. पण तिसऱ्या क्वार्टरनंतर त्याला उभंच राहता येत नाही!"

"अरे, तरी त्यालाच चान्स देतात," मिलिंद हसत म्हणाला. "चौथ्या क्वार्टरला तर तो कुठे फेकतोय हे त्यालाच कळत नाही."

मी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. संघातील मुलांना ती शपथ घालूनच मी मैदानात उतरवतो. त्यामुळे मी स्पष्टपणे म्हणालो, "मिलिंद, गाडी थांबव. ज्या घरी वयोवृद्ध माणसाला चार चार क्वार्टर पाजून त्याची थट्टा होते, त्या घरी मी जेवणार नाही."

मग फोनमधून संदेशचे आणि मागच्या आसनावरून स्नेहल यांचे हसू एकदमच फुटले. खेळाच्या चार भागांना तेथे क्वार्टर म्हणतात आणि तो 'म्हातारा' म्हणजे संघाचा क्वार्टरबॅक, हे मला नंतर समजावण्यात आले. त्याचे वय सदतीस आहे असे कळल्यावर मी म्हणालो, "सदतीस वर्षांच्या माणसाला म्हातारा म्हणणाऱ्यांना दारूची गरजच नाही." यावर मिलिंदही मोकळेपणाने हसला. माझ्यासमोर तो असा फारसा हसत नाही.

हॅमिल्टन हे पोलादाचे शहर. तळ्याकाठी धुराडी आणि शहराच्या पाठीशी लांबलचक कडा. त्या कड्याला तेथे 'माउंटन' म्हणतात, आपल्याकडे त्याला टेकाड म्हटले असते. संदेशचे घर वरच्या बाजूस आहे. त्याने दारातच वाकून "जय भीम, काकाजी" म्हटले आणि क्वार्टरचा विषय पुन्हा काढला नाही, हा त्याचा चांगुलपणा.

दुपारी पोह्यांच्या बश्या हातात घेऊन सगळे बसले आणि वाद सुरू झाला. तिकडचा फुटबॉल पायाने नव्हे, हाताने खेळतात, आणि त्यात क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू असतो. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे फेकायचा की जवळच्या गड्याच्या हाती द्यायचा, हे त्यानेच पापणी लवते न लवते तोच ठरवायचे असते. कॅनडात दहा यार्ड पुढे सरकण्यास तीनच प्रयत्न मिळतात, म्हणून चूक महागात पडते. जुन्याने मागच्या सामन्यात चेंडू प्रतिपक्षाच्या हाती दिला होता. नवा चपळ, पण घाईचा. उद्या कोण, हे प्रशिक्षकाने जाहीर केले नव्हते.

"नवा पळतो, भाऊ. जुन्याचे पायच गेले," संदेश म्हणाला.

"पळून कुठं जातो? बाउंड्रीच्या बाहेर!" स्नेहल म्हणाल्या. "जुना निदान बघून फेकतो."

"बघत बसतो म्हण. तेवढ्यात चार जण अंगावर पडतात," मिलिंद म्हणाला.

मी बराच वेळ ऐकले. मग बशी खाली ठेवून माझे मत दिले. "जुनाच खेळला पाहिजे. संघाला स्थिर माणूस लागतो. वेग कोणाकडेही असतो."

"हो, काकाजी. बरोबर आहे," संदेश म्हणाला. मिलिंदनेही मान डोलावली. वाद तेथेच संपला. कोणीतरी हवामानाचा विषय काढला. मला समाधान वाटले.

मी हात धुण्यास गेलो. नळ बंद केल्यावर दारामागून आवाज ऐकू आले. वाद पुन्हा सुरू झाला होता, पहिल्यापेक्षा मोठ्याने, आणि सर्वांत चढा आवाज मिलिंदचा होता.

"आबांचं सोड रे. ते नेहमी जुन्यालाच धरणार. गावी दत्तूदादाचा गुडघा गेलाय, पोरापोरांना ठाऊक आहे. पण आबांना सांगणार कोण? त्यांचं नाव ठरलं की ठरलं."

मी टॉवेलने हात पुसले, पुन्हा पुसले. मग बाहेर येऊन चहा मागितला. मला पाहताच बोलणे थांबले. असे थांबणे मी आयुष्यभर ऐकत आलो आहे आणि त्याला मी आदर समजत होतो.

रविवारी सामना. मैदानाजवळचे रहिवासी आपल्या अंगणात गाड्या उभ्या करू देतात व त्याचे पैसे घेतात. लवकर गेल्यास जवळची जागा मिळते. मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. ऑक्टोबरात तळ्यावरचा वारा हाडात शिरतो, तेव्हा कानटोपी व शाल जवळ असू द्यावी. आसने थंडगार असतात, घडी घालून खाली घेण्यास एखादे जाड कापड न्यावे.

आमच्या पुढच्या रांगेत ग्लेन नावाचे पोलाद कारखान्यातील निवृत्त कामगार व त्यांची मुलगी बसली होती. ग्लेन माझ्याच वयाचे. जुना खेळाडू मैदानात येताच ते उठून टाळ्या वाजवू लागले. मुलगी त्यांना काहीतरी ठसक्यात म्हणाली आणि आजूबाजूचे लोक हसले.

"काय म्हणाली?" मी मिलिंदला विचारले.

मिलिंद अडखळला. "म्हणाली... डॅड, तुम्हाला यातलं काही कळत नाही. तुमचा चष्मा आणि तुमचा क्वार्टरबॅक, दोन्ही बदला."

मी ग्लेन यांच्याकडे पाहिले. ते रागावले नव्हते. तेही मुलीला काहीतरी खोचक म्हणाले, आणि आपल्या कागदी पेल्यातली कॉफी तिच्या हाती दिली. ती प्यायली आणि पुन्हा भांडू लागली.

तिसऱ्या भागात जुन्याला बाहेर काढून नव्याला पाठवण्यात आले. गोंगाटात मी मिलिंदला म्हणालो, "काल मी आत असताना जे बोललास, ते माझ्यासमोर बोल."

त्याचा चेहरा उतरला. "आबा, तसं काही नव्हतं."

"बोल. मी ऐकले आहे."

तो मैदानाकडे पाहतच म्हणाला, "दत्तूदादाला खेळवू नका. तो पायऱ्या उतरतानाही कठडा धरतो. मागच्या वर्षी मी गावी आलो तेव्हा पाहिलं. तुमचं चुकतंय, आबा."

मिलिंद चाळिशीचा आहे. 'तुमचं चुकतंय' हे शब्द त्याने मला प्रथमच ऐकवले. मला राग आला, हे मी लपवत नाही. मी म्हणालो, "दत्तूने मला कधी सांगितले नाही."

"तुम्ही विचारलंत?"

"विचारायला कशाला हवे? मैदानावर दिसते."

"मग तुम्हाला का नाही दिसलं?"

मग आम्ही दोघेही भांडलो. सामन्याचा शेवट होईपर्यंत भांडलो. तो दत्तूवरून सूरजवर, सूरजवरून नव्या क्वार्टरबॅकवर गेला. मीही त्याला सोडले नाही. ग्लेन एकदा मागे वळून काहीतरी म्हणाले आणि मिलिंद हसत भाषांतर करू लागला, "विचारतायत, तुम्ही दोघं कोणत्या बाजूचे?" शेवटच्या क्षणी नव्याने घाईने फेकलेला चेंडू प्रतिपक्षाने झेलला आणि हॅमिल्टन हरले. म्हणजे त्या दिवशी माझे मत खरे ठरले. ग्लेन यांनी मुलीकडे विजयी मुद्रेने पाहिले आणि ती तरीही ऐकेना. गाडीपर्यंत चालताना शेकडो माणसे तोच वाद करीत होती. त्यांपैकी एकालाही प्रशिक्षक विचारणार नव्हता. तरीही संघ त्यांचा होता.

आमच्या संघाविषयी असा वाद मी कधी ऐकला नाही. मी जवळ असताना तो होतच नसे.

त्या आठवड्यात गावाहून फोन आला. "आबा, नाव सांगता ना?" मी म्हणालो, "आल्यावर पाहू."

परतल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी मी मुलांना मैदानावर बोलावले. म्हणालो, "पहिली चढाई कोणी करावी, हे तुम्ही सांगा." कोणी बोलेना. सूरज पायाने माती उकरत होता. तेव्हा मी दत्तूला म्हणालो, "दत्तू, तुझा गुडघा कसा आहे?"

तो म्हणाला, "वळत न्हाई, आबा. गेल्या वर्सापासनं. तुम्ही नाव घेतलंत म्हणून उतरत हुतो."

तो हे तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही, ते मला अधिक जड गेले. मी त्याला संघाचा प्रशिक्षक केले आणि बाकीचे मुलांवर सोपवून घरी आलो.

या प्रवासातून काय आणले, असे लोक विचारतात. मॅपल झाडाच्या गोड पाकाची बाटली आणली, ती नातेवाइकांत वाटून संपली. विंडसरची नदी व हॅमिल्टनचे टेकाड आठवते. आपण गेलात तर दोन्ही अवश्य पाहावीत, आणि एखादा सामनाही पाहावा. खेळ समजला नाही तरी चालेल, शेजारी बसलेल्यांचे बोलणे ऐकावे.

हे लिहीत असताना मैदानावरून आवाज येत आहेत. सूरजने पहिली चढाई करावी की दुसरी, यावर जुंपलेली दिसते. दत्तूचा आवाज सर्वांत मोठा आहे. आत्ताच कोणीतरी ओरडले, "आबांना काय इचारतोस, आबांना काय कळतंय त्यातलं!" मी चप्पल पायात घालून दारापर्यंत गेलो होतो. मी दिसलो की ते गप्प बसतील, म्हणून परत येऊन बसलो आहे.