तिघांच्या मापाची ताडपत्री

शेवगावात माझं ताडपत्रीचं दुकान आहे. कांदा झाकायला, मांडवाला, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांना, म्हणजे फडावरच्या झोपड्यांना, माझ्याकडूनच माल जातो. स्वतः मात्र मी पोरवयातल्या त्या कोप्या सुटल्यापासून कधी ताडपत्रीखाली झोपलो नव्हतो. सहा हंगाम झोपलो होतो, तेवढं पुरे होतं.

म्हणून सायकल शर्यतीत नाव घातल्यावर अडचण एकच उरली. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून निघून तिसऱ्या दिवशी शेवगावात पोचायचं. सामान आपलं आपण वाहायचं, ओळखीच्या घरी मुक्काम नाही. दुसऱ्या रात्री शनिशिंगणापुरात खोली मिळाली असती. पहिली रात्र डोंगरात, उघड्यावर. तिथं झोप झाली नाही, तर बावन्नाव्या वर्षी पुढची मजल जमणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पुण्यात तंबू बघायला गेलो. काउंटरवरच्या बाईंना विचारलं, "काही कमी-जास्त?"

"फिक्स रेट आहे, काका."

"बाई, मीही कापडच विकतो. ह्याची खरी पडत किंमत सांगू का?"

"मग घरचंच वापरा की!"

तंबू काउंटरवर आपटून बाहेर पडलो. एसटीत बसलो तरी डोकं तापलेलंच. बाईंचं बरोबर होतं, म्हणून जास्त.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या सगळ्यात हलक्या गुंडाळीतून तुकडा कापला. टेप लावली नाही. इतक्या वर्षांत हाताला माप कळतं. मागच्या मोकळ्या जागेत दोन काठ्या रोवून तो ताणला, कडा दगडांनी दाबल्या. तेवढ्यात दादा आला. कांद्यावर टाकायला त्याला ताडपत्री हवी होती.

दादा माझा थोरला भाऊ, निवृत्त मास्तर. आई-बाप ऊस तोडायला जायचे, तेव्हा त्याला शाळेसाठी गावात ठेवलं आणि मला सोबत नेलं. माझी शाळा चौथीत सुटली. हे मी दर दिवाळीला त्याला ऐकवतो आणि तो मान खाली घालून फराळ करतो.

त्यानं आडोशाला एक फेरी मारली. "किती जणांचं हाय हे?"

"एकाचं. शर्यतीला मी एकटाच जाणार ना!"

"आन् ह्यो चर कशाला खणलास? फुफाटा उडतोय, पाऊस कुठंय?"

खाली पाहिलं. चारी बाजूंनी पाणी वळवायला चर खणलेला होता. खुरपं अजून माझ्या हातातच होतं. मग टेप आणून कापड मोजलं. नऊ बाय सात फूट. आमच्या कोपीचं माप. तीन माणसांचं.

"तू कुठं निजायचास?" दादानं विचारलं.

"मधे. आई तोंडाशी, बाप आतल्या अंगाला."

इस्त्रीच्या शर्टासकट दादा वाकून आत शिरला आणि बरोबर मधे उताणा झाला. "मी चुलत्याच्या ओसरीवर निजायचो," मग म्हणाला. "दिवाळीपासून पार उन्हाळ्यापर्यंत. ते आतून कडी लावून घ्यायचे."

माझं उत्तर ठरलेलं होतं. "तुला पुस्तकं हुती."

"हुती की. थंडीत त्यांचा लई उपयोग न्हाई."

तो हसला. मला हसू आलं नाही. रागही नेहमीसारखा वर आला नाही, याचाच राग आला.

"धर तिकडचं टोक," मी म्हणालो. त्यानं धरलं आणि मी एकाच्या मापाचा तुकडा कापून घेतला. उरलेला दादानं काखोटीला मारला. "ह्याचं काय घेशील?"

कुणी भाव विचारला आणि माझ्याकडे आकडा नाही, असं आजवर झालं नव्हतं. "ने," एवढंच म्हणालो.

पंधरा दिवसांनी डोंगरात, अंधार पडता पडता, एका भातखाचराच्या बांधावर मी तो तुकडा ताणला. चर खणला नाही. वाऱ्यानं कापड फडफडायला लागलं. आवाज तोच, सहा हंगामांचा. सवयीनं दोन्ही हात बाजूला पसरले, तर दोन्हीकडे गार गवत. ओसरीवर हात पसरला की त्याला काय लागायचं, हे मी दादाला कधी विचारलं नव्हतं.

शाळेचं दुःख माझं आहे, ते मी सोडणार नाही. हात आत घेतले, कुशीवर वळलो. झोप उशिरा लागली, पण लागली.