बोटांचे डोळे

आमच्या सेलूच्या मावसाजींइतका कीबोर्डवर जीव टाकणारा, आणि तरीही जन्मात त्याच्याकडे न बघणारा दुसरा माणूस उभ्या परभणी जिल्ह्यात सापडणार नाही. स्टेशनजवळ त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. शिकायला आलेल्याच्या हातांवर ते पांढरा पंचा टाकत आणि म्हणत, "वर बघा. बोटाला डोळे असतेत." जिंतूरहून एसटीचे धक्के खात आलेली पोरं पंच्याखाली चाचपडत बसत. कुणी चोरून खाली बघितलं की मावसाजी त्याला मशीनवरून उठवून चहा सांगायला पाठवत.

हे तत्त्व त्यांनी टाइपरायटरपुरतं ठेवलं असतं तर मावशीचा संसार सोपा झाला असता. पण मावसाजी कुलूप न बघता लावत, दाढी आरशाशिवाय करत (गालांवर त्याचा पुरावा असे) आणि जेवताना ताट सोडून समोरच्याच्या तोंडाकडे बघत बोलत राहत. एकदा माझ्या ताटातली भाकरी त्यांनी अशीच संपवली आणि वर मावशीला म्हणाले, "आज भाकर लय मोठी केलीस, सरतच न्हाई." बोलताना त्यांची बोटं मांडीवर चालू असत. आपलं बोलणं ते तिथल्या तिथे टाइप करून घेतात, असा लहानपणी माझा पक्का समज होता.

मावशी त्यांचीच विद्यार्थिनी. चाचणीत तिने एकदा खाली बघितलं म्हणून त्यांनी तिला नापास केलं, आणि पुढच्याच उन्हाळ्यात मागणी घातली. "नापास पोरगी करून आणली यांनी," हे तिने त्यांना आयुष्यभर ऐकवलं. निकाल बदलायला मात्र ते कधीच राजी झाले नाहीत.

मग तो आजार आला. आधी बोटं गेली, मग हात, शेवटी बोलणं. ऐकू येत होतं, समजतही होतं सगळं. अखंड बोलणारा हा माणूस आता दिवसभर खाटेवर पडून असे. पापण्या मिटून ते हो किंवा नाही एवढं सांगत. पण 'हो-नाही'मध्ये मावसाजी मावणार कसे?

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून एक संशोधक बाई यंत्र घेऊन आल्या. डोक्यावर तारांची टोपी घालायची. समोरच्या पडद्यावर अक्षरं आळीपाळीने चमकतात. हव्या त्या अक्षरावर नजर लावून बसायचं. ते चमकलं की मेंदू जरासा दचकतो, टोपी ते दचकणं टिपते आणि अक्षर उमटतं. हात हलवायलाच नको. पण यंत्र एकच होतं, आणि ज्याला जमेल त्याच्याच घरी ते राहणार होतं.

सकाळभर पडदा कोराच. बाईंनी तारा पुन्हा पुन्हा तपासल्या. दुपारी त्या मला हळूच म्हणाल्या, "त्यांना नाही जमणार बहुतेक. ते अक्षरांकडे बघतच नाहीत, सारखे वर आढ्याकडे बघतात." आणि त्या तारा आवरायला लागल्या.

मावशी चहा घेऊन येत होती. तिने कप तिथेच कोनाड्यात ठेवले. "थांबा हो मॅडम. ते कसे बघतेल? जल्मभर लोकायला अक्षराकडं बघू नका म्हणून सांगितलं त्यांनी." मग ती खाटेशी गेली आणि खाली वाकून म्हणाली, "ऐकायलात का? आज बघितलं तर चालतंय. मी कुणाला सांगत न्हाई."

मावसाजींची नजर आढ्यावरून उतरली; चोरी पकडली गेलेल्या पोरासारखी, पण उतरली. बराच वेळ गेला आणि पडद्यावर 'प' आला. मग काना.

"पाणी पायजे का?" मावशीने विचारलं. पापण्या नाही म्हणाल्या.

मग 'स' आला आणि मावसाजी थांबले. बाई गोंधळल्या. यंत्राने काहीतरी चुकीचं पकडलं, असं त्या म्हणू लागल्या. मावशीने डोळ्यांना पदर लावला.

"बरोबर हाय ते," ती म्हणाली. "माझा निकाल लागलाय."

यंत्र सेलूत राहिलं. आजार हटलेला नाही, आणि एक वाक्य उमटेपर्यंत मावशीचा चहा गार होतो. पण परवा मला मावसाजींचा निरोप आला, 'भाकर खायला कवा येतूस'. फोनवर ती अक्षरं बघून मला रडूच आलं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी फोनकडे न बघता उत्तर लिहिलं. संध्याकाळी ते सगळ्या चुका दुरुस्त होऊन परत आलं. त्यांची अख्खी दुपार त्यात गेली असणार.