बाजाराच्या बाजारी गोळी

चिकुनगुनियाची साथ आमच्या गावातून जाऊन बरीच वर्षं झाली, पण गावाने तिला अजून सुट्टी दिलेली नाही. कुणाचा गुडघा दुखला, कुणाची कंबर धरली, की निदान ठरलेलं. तपासायची गरजच उरत नाही.

माझ्या आईची बोटं त्या तापात सुजली आणि सुजलेलीच राहिली. सकाळी तिला भाकर थापता येत नसे. उन्हं वर आली की मूठ सैल व्हायची, मग ती मिरची तोडायला जायची. शेजारणीने सांध्यांवर बिबा लावून दिला. कातडी अशी भाजली की त्या आगीपुढे सांधे आठवेनासे झाले. गुण आला, असं सर्वांनी ठरवलं.

मी घरातला पहिला बी.एस्सी. शाळेने मला विषाणू म्हणजे काय ते शिकवलं, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. त्यामुळेच हे खातं माझ्याकडे आलं. आईला घेऊन बुलढाण्याला गेलो. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, हा आमवात आहे. शरीराची राखण करणारी शक्तीच सांध्यांवर उलटली आहे. विषाणूच्या तापाने सुरुवात झाली असेल का, असं मी विचारलं. झालीही असेल, म्हणाले, पण खात्रीने सांगता येत नाही.

इतकं प्रामाणिक उत्तर घरी कुणालाच आवडलं नाही. डॉक्टरला जे माहीत नव्हतं ते मामांना पक्कं माहीत होतं.

"कीटाणू तं निघून गेला ना," मामा म्हणाले, "मंग औषध कोनाले देऊन राह्यले?"

मी समजावलं, की चोर पळाला, पण राखणदार घरच्यांनाच झोडपतो आहे.

"मंग राखनदार बदला. माह्या बहिनीले काऊन गोळ्या चारता?"

मामांच्या बहिणीने मात्र माझं ऐकलं. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती, चुकूनही रोज नाही. आईने बाजाराचा दिवस धरला. वार विसरतो, बाजार कोण विसरतं? मिरची विकून यायची, जेवायची, गोळी घ्यायची. काही महिन्यांत मूठ मिटू लागली. औषध कसं समजावून द्यावं याचा नमुना म्हणून मी ही गोष्ट, मी शिकवतो त्या कॉलेजात, सहकाऱ्यांना ऐकवली. त्यांनी माना डोलावल्या.

मग करोना आला. मी नोकरीच्या गावी अडकलो. फोनवर न चुकता विचारायचो, गोळी चालू आहे ना?

"हाव रे बाबू. बाजाराच्या बाजारी घेतो ना."

यात एक अक्षर खोटं नव्हतं.

वाट मोकळी झाल्यावर घरी गेलो, तर आई पाण्याचा गडू दोन्ही मनगटांमध्ये धरून पीत होती. गोळ्यांची पाकिटं फडताळात जशीच्या तशी होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बाजारच भरला नाही, तं गोळी कशी घेऊ?"

आमवातात विषाणूचा हात असतो का, यावर मोठमोठे लोक अजून डोकं खाजवताहेत. आमच्या घरापुरता तो सिद्ध झाला आहे. पहिल्या विषाणूने दुखणं दिलं असेल किंवा नसेल. दुसऱ्याने बाजार बंद करून औषध थांबवलं, याला मी साक्षीदार आहे. मामा म्हणतात, बोटं करोनानेच बिघडली. पहिल्यांदाच त्यांच्याशी वाद घालता आला नाही.

डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं, गोळी सुरू केली. सूज उतरली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडीच राहिली; ती आता सरळ होणार नाहीत. आई उरलेल्या बोटांनी मिरची तोडते आणि आधीपेक्षा भरभर तोडते असं सांगते.

आता मी वार धरून फोन करतो. घेतली का, असं विचारत नाही. घे, मी थांबतो, म्हणतो. पाण्याचा घोट ऐकू येतो.

"घेतली," ती म्हणते. "आता तू जेव."