खोक्यातली गिटार

सिंगापूरच्या सरकारी इमारतींमधल्या नव्या फ्लॅट्समध्ये स्वयंपाकघराला लागून एक बिनखिडकीची खोली असते. जाड काँक्रीटच्या भिंती, लोखंडी दार आणि दाराला तुरुंगात असावा तसा दांडा. युद्ध झालं तर घरच्यांनी तिथे जाऊन बसायचं, अशी सोय. युद्ध काही होत नाही, त्यामुळे आमच्या ओळखीची सगळी मराठी घरं तिथे कांदे-बटाटे, पुण्याहून आणलेली भाजणी आणि रिकाम्या बॅगा ठेवायची. सेम्बावांगच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्येही तेच होतं. मग एका रविवारी मी त्या सगळ्या बॅगा बेडरूममध्ये रचल्या आणि प्लायवूडचं एक भलंमोठं खोकं ढकलत ढकलत त्या खोलीत नेऊन ठेवलं.

"अख्ख्या घरात जीव वाचवायला ही एवढीच जागा," बायको म्हणाली, "आणि तिथे तू तुझा कर्णा कोंडणार?"

कर्णा म्हणजे माझ्या गिटारचा स्पीकर. इलेक्ट्रिक गिटारचं एक दुखणं असतं, ते वाजवणाऱ्यालाच कळतं. जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर हळू आवाजात नुसता कण्हतो. तो चांगला तापला, स्पीकरचा कागद थरथरायला लागला, की गिटार बोलायला लागते. आणि ती बोलायला लागली की खालच्या मजल्यावरची चिनी आँटी वर येते. मी हौसेने पहिल्यांदा आवाज वाढवला त्या दिवशी ती पाच मिनिटांत दारात उभी राहिली. "बॉय, यू प्ले, माय लाइट ऑल्सो शेक लाह!" मी चाळिशीला टेकलेला माणूस, पण तिच्या लेखी बॉय. तिचं चुकत नव्हतं. तिच्या घरातला दिवा हलत असणार. मी सॉरी म्हटलं आणि दार लावून घेतल्यावर तिच्यावर उगाचच चिडलो.

यावरचा उपाय म्हणजे ते खोकं. स्पीकर चारी बाजूंनी बंद खोक्यात ठेवायचा, त्याच्यासमोर आतच माइक लावायचा आणि आपण बाहेर हेडफोन घालून वाजवायचं. आयसोलेशन कॅबिनेट असं त्याचं भारदस्त नाव आहे. मला हवं तसं विकत मिळालं नाही म्हणून मीच बांधलं. त्या बॉम्बच्या खोलीच्या भिंतीला खिळा ठोकायचीही बंदी, म्हणून हवेसाठी ठेवलेल्या गोल भोकातून वायरी बाहेर घेतल्या आणि लोखंडी दार लावून टाकलं. आँटी नंतर कधीही वर आली नाही.

एवढा खटाटोप मी एका गाण्यासाठी करत होतो. पुण्यातल्या माझ्या मित्राच्या गाण्यासाठी.

कॉलेजात आमचा बँड होता. तो गायचा, मी गिटार वाजवायचो. पण खरं सांगायचं तर बँड त्याच्या कानांवर चालायचा. गॅदरिंगच्या तालमीत तो हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसायचा आणि तिथून ओरडायचा, "तिसरी तार उतरलीय, गाढवा!" आणि ती उतरलेली असायची. माझ्या अॅम्प्लिफायरची बटणं मला कधी लावताच आली नाहीत, ती त्यानेच लावलेली असायची. त्याने केलेलं एक गाणं आमच्या हॉस्टेलात फार गाजलं होतं. मेसच्या आमटीवरचं. चटपटीत, खटकेबाज, पोरं हसून हसून पडायची. आणि मग शेवटच्या कडव्यात ते अचानक गंभीर व्हायचं, घर सुटल्याचं निघायचं, आणि हसणारी पोरं गप्प बसायची. ते गाणं आम्ही कधी नीट रेकॉर्ड केलं नाही. करू, करू म्हणत नोकऱ्या लागल्या. तो चाकणच्या एका कारखान्यात, मी इथे.

मग एवढ्या वर्षांनी त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या आधी त्याने घरीच, कपड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड घालून, ते गाणं म्हटलं. आवाज खोलीत घुमू नये म्हणून कपाट. मग मला फोन केला.

"माझा आवाज पाठवलाय. त्याला अजिबात हात लावायचा नाही. आहे तसा राहू दे," तो म्हणाला. आवाज आधीच खरखरत होता. "तू गिटार घाल. पण खरी. ती कंप्युटरमधली नको. स्पीकरने हवा हलवलेली मला ऐकू आली पाहिजे."

"तू बरा हो आधी."

"बरा होईन तेव्हा होईन. गाणं दे."

त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं बोलणं. त्यानंतर त्याची माझ्याशी जी बोलणी झाली ती सगळी व्हॉट्सअॅपवर, टाइप करून. ऑपरेशन झालं, मग किरणं आणि केमो एकदमच सुरू झाली.

दर रविवारी दुपारी मी बसायचो. लोखंडी दाराआड स्पीकर जीव तोडून ओरडत असायचा आणि बाहेर हॉलमध्ये ऐकू यायची ती फक्त तारांची टिकटिक. बायको सोफ्यावर वाचत बसलेली असायची. "तुझ्या कानात काय चाललंय देव जाणे," ती म्हणायची. "मला तर कुणीतरी रबरबँड ओढतंय असं वाटतं."

पहिलं रेकॉर्डिंग पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "कपाटातून वाजतेय. परत." त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. एवढ्याशा बंद जागेत आवाज भिंतींवर आपटून पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि गिटार पडसं झाल्यासारखी बोलते. मी खोकं मोडलं आणि मोठं बांधलं. आतून आवाज शोषणाऱ्या रॉकवूलचे जाड थर लावले, ते हाताला इतकं खाजायचं की ऑफिसात लोक विचारायला लागले. माइक मागे सरकवला, वाकडा केला, पुन्हा सरळ केला. त्या खोलीत वारा नाही, उजेड नाही. घामाच्या धारा लागायच्या आणि मी मोबाइलच्या उजेडात स्क्रू पिळत बसायचो. तिकडे तो सलाइन लावून पडलेला असायचा, आणि मला या स्क्रूपलीकडे त्याच्यासाठी काहीही करता येत नव्हतं. म्हणून मी स्क्रू जरा जास्तच पिळायचो.

आणि एका दुपारी जमलं. हेडफोनमध्ये गिटार अशी आली की जणू खोकं नाहीच. बोट तारेवर पडल्याचा खरखरीत आवाज, वरच्या सुरांची धार, सगळं. मी गाणं सलग वाजवलं, एकदाच, आणि ते पुन्हा वाजवायची गरज पडली नाही. पाठवून दिलं आणि बायकोला म्हटलं, चल, आज बाहेर जेवू.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "अजून कपाटातच आहे."

माझं डोकं फिरलं. ऑफिसच्या जिन्यात उभा राहून मी टाइप केलं, कपाट तुझ्या कानात असेल. मग पुसलं. आजारी माणसाशी काय भांडायचं, एवढाच विचार तेव्हा केला होता. दोन-तीन दिवस मी त्याला उत्तरच दिलं नाही. मग त्याच्या बायकोचा फोन आला.

"भावजी, तुम्ही रागावलात का ह्यांच्यावर?"

"नाही हो वहिनी. पण यापेक्षा चांगलं मला नाही वाजवता येत."

"तुमच्या गिटारीत काही नाहीये," ती म्हणाली. आवाज खाली आणून बोलत होती. "ह्यांना कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत. परवा मी आंघोळीला गेले होते. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देतोय आणि हे समोर बसून पेपर वाचतायत. डाळ जळून गेली. दारावरची बेल नाही, चिमण्या नाहीत. रिक्षा ऐकू येते, ढोल ऐकू येतो. बारीक आवाज गेले. डॉक्टर म्हणाले होते, या औषधाने असं होऊ शकतं."

"त्याला कळलंय हे?"

"मला नाही माहीत. मी विचारलं नाही. ऑपरेशन झाल्यावर त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं होतं, आवाज गेला तर गेला, कान आहेत ना. आता मी कुठल्या तोंडाने विचारू?"

मी त्याला मेसेज केला. "बरोबर आहे तुझं. खोक्याचाच दोष आहे. दुरुस्त करतो."

दुरुस्त करण्यासारखं खोक्यात काही उरलं नव्हतं. मी कंप्युटरवर फक्त गिटारचे वरचे सूर चढवले. त्याच्या आवाजाला त्याने हात लावू नकोस म्हटलं होतं, म्हणून तो तसाच ठेवला. पाठवलं. "अजून थोडं," त्याने लिहिलं. आणखी चढवले. "अजून." शेवटी स्टीलच्या ताटावर चमचा घासावा तसा आवाज यायला लागला. बायकोने हेडफोन कानाला लावले आणि लगेच काढून टाकले. "हे असं पाठवणार आहेस तू?" मी हो म्हटलं. तिला सगळं माहीत होतं, तरी तिने विचारलं, आणि मला तिचाही राग आला. खरं तर तेव्हा मला सगळ्यांचाच राग येत होता. औषधाचा, डॉक्टरांचा, आमटीवरच्या त्या मूर्ख गाण्याचा.

त्याचं उत्तर पाचच मिनिटांत आलं. "आली! बाहेर आली! जमलं की रे तुला खोकं, गाढवा."

मी तो मेसेज बायकोला दाखवला आणि हॉलमध्येच रडलो. इतका आनंद झाला होता, आणि इतकं वाईट वाटत होतं, की दोन्ही वेगळं काढता येत नव्हतं.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. रोग फुफ्फुसांत उतरला. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. वहिनीसमोर जाऊन बसलो, चहा घेतला आणि परत आलो.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. "भावजी, ते गाणं मला ऐकवत नाही हो. ती गिटार कानात सुई घातल्यासारखी होते. शेवटी शेवटी हे रोज ऐकायचे. डोळे मिटून. त्यांना ते कसं ऐकू येत होतं, तुम्हाला सांगता येईल?"

सांगता येईल असं मला वाटलं. मी आमच्या स्वयंपाकघरात कुकर लावला आणि त्याची शिट्टी रेकॉर्ड केली. मग कंप्युटरवर वरचे आवाज एकेक करून कापत गेलो, शिट्टी पूर्ण नाहीशी होईपर्यंत. नुसता वाफेचा एक खालचा धक्का राहिला. वरचे आवाज तसेच कापलेले ठेवून मी त्यातून त्याचं गाणं लावलं.

गिटार सुंदर वाजत होती. कर्कशपणा सगळा निघून गेला होता, अगदी कॉलेजात त्याने बटणं लावून दिल्यावर यायची तशी. मी हसलोसुद्धा. मग त्याचं गाणं सुरू झालं, आणि शब्द नव्हते. स नाही, च नाही, ट नाही. तोंडावर उशी धरून कुणी बोलावं तसं, वर जाणारं आणि खाली येणारं नुसतं हूं हूं. आमटीवरचा एकही विनोद कळत नव्हता. शेवटचं कडवं आलं आणि गेलं, तेही कळलं नाही. जगात उरलेला त्याचा सगळा आवाज तेवढाच होता, आणि त्याला तो असा ऐकू येत होता.

मी तीनदा ऐकलं. मग डोक्यात उजेड पडला. त्याचा आवाज माझ्या खोक्यात कधी गेलाच नव्हता. तो त्याने पुण्यात, त्याच्या घरात रेकॉर्ड केला होता. दोष खोक्याचा असता तर गिटारच तेवढी कोंडल्यासारखी वाटली असती. शेवटच्या रांगेतून उतरलेली तार ओळखणाऱ्या माणसाला एवढं कळलं नसेल? दोष खोक्यात नाही, आपल्या कानांत आहे, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. माझ्या आवाजातलेही वरचे सूर चढव, असं त्याने मला सांगितलं असतं तर मला कळलं असतं, वहिनीला कळलं असतं. त्याने सांगितलं नाही. तो रोज डोळे मिटून माझी गिटार ऐकत बसला.

मी वहिनीला फोन लावला.

"गिटार फार छान ऐकू येत होती त्याला," मी म्हटलं.

"आणि त्यांचा स्वतःचा आवाज?"

"तोही," मी म्हटलं. "अगदी स्वच्छ."