फर्स्ट क्लासमध्ये चालायला जागा नाही

विमानाच्या फर्स्ट क्लासमध्ये बसलेल्या माणसाला स्वतःच्या चपला काढता येत नाहीत, अशी तिथल्या मुलींची समजूत करून दिलेली असावी. मी टेकते न टेकते तोच एक मुलगी माझ्या पायाशी गुडघ्यांवर बसली आणि मऊ सपाता पुढं करून इंग्रजीत परवानगी मागू लागली. मी म्हटलं, ‘राहू दे गं, माझे पाय मला सापडतात.’ तिला मराठी येत नव्हतं. ती हसली. तिथं सगळे सारखे हसतच असतात.

हे तिकीट मी मागितलं नव्हतं. माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न लंडनला होतं. मुलगी तिथंच शिकली, तिथंच नोकरीला लागली. मुलगाही तिथलाच, पण घराणं मूळचं आपल्या उरणकडचं. त्या मुलाच्या आजीनं एकच अट घातली होती. धवलारणीशिवाय हळद लागणार नाही. आमच्या आगरी लग्नांत भटजी नंतर, आधी धवलारीण. ती गाणी म्हणत एकेक विधी करून घेते. आमच्या गावात ही कामं करणारी आता एकच बाई उरली आहे, ती म्हणजे आमची सख्खी आत्या. म्हणून भावानं आत्याला न्यायचं ठरवलं आणि आत्याला सांभाळायला मला. त्याची बायको महिनाभर आधीच जाऊन बसली होती.

आत्याला फर्स्ट क्लासनं न्यायचं हे त्याच्या डोक्यातलं. आमची शेती विमानतळात गेली, तेव्हापासून तो बिल्डर आहे आणि प्रत्येक गोष्ट लोकांना दिसेल अशी करतो. निघायच्या चार दिवस आधी त्यानं आत्याला गावातून उचलून नवीन पनवेलला स्वतःच्या बंगल्यावर आणून ठेवलं. तिथं एसीत बसवून ठेवलं, उन्हात जाऊ दिलं नाही, साडीला मॅचिंग ब्लाउज शिवून घेतले. विमानात चढताना तिचा व्हिडिओ काढला आणि तो गावच्या ग्रुपवर टाकला. मी एका पॅथॉलॉजी लॅबचा कारभार बघते. रोज सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या माणसांची रांग सांभाळते. मला असल्या कौतुकाला वेळ नसतो. पण चार दिवस आत्याला घरात कोंडून ठेवण्यात काय चूक झाली, ते तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही.

फर्स्ट क्लास म्हणजे काय, ते सांगते. प्रत्येकाला एक लाकडी खोकं. खोक्याला सरकतं दार. आत खुर्ची, तिचा पलंग होतो. शेजारच्याचं तोंड दिसू नये याची पुरेपूर काळजी घेतलेली. आपली माणसं लग्नाला चालली आहेत आणि एकमेकांशी बोलायचं तर भिंतीवरून मान काढावी लागते. आत्या पलीकडच्या खोक्यात होती. तिला बर्फ घातलेलं पाणी आणून दिलं, तिनं परत पाठवलं. बर्फ घातलेला रस आणला, तोही परत. गळ्याला थंड चालत नाही, हे मी तीन मुलींना तीनदा सांगितलं. तिन्ही जणी हसल्या, आणि चौथी बर्फ घेऊन आली.

विमान वर गेलं. जेवणाचं कार्ड आलं, लग्नपत्रिकेपेक्षा जाड. माशाची काळी अंडी चिमूटभर, बशी हातभर. आत्यानं बशीकडं पाहिलं आणि मला विचारलं, ‘अगो, हे खायाचं का कपाळाला लावाचं?’ जेवणं झाली तशा मुली आल्या आणि त्यांनी सगळ्या खिडक्या काळ्या केल्या. बाहेर भर दुपार होती.

‘खिडक्या कशाला लावल्या? कोन गेलं काय?’ आत्या म्हणाली.

‘कोणी गेलं नाही. झोपायचं आता.’

‘दुपारी तीनला?’

पलंग घालून झाले. भाऊ त्याच्या खोक्यात दार लावून झोपला. मीही पाठ टेकली. थोड्या वेळानं भिंतीवर टकटक झाली. आत्याचं डोकं वर आलं.

‘अगो, दहाच होतात.’

‘काय दहा?’

‘देव. अकरा पायजेत. एक राहतो.’

हळदीच्या आधी आत्या एक गाणं म्हणते. त्यात गावच्या अकरा देवांना एकेक करून हळदीला बोलावतात. घरातल्या देवापासून सुरुवात, मग गावदेवी, मग वेशीवरचा, तसं करत करत खाडीपर्यंत. एक ओळ आत्याची, तीच ओळ मागच्या बाईनं झेलायची, मग पुढचा देव. लहानपणापासून मी ते ऐकत आले, पण पाठ कधी केलं नाही. त्याची गरज वाटली नाही, आत्या होती ना.

‘झोप झाली की आठवेल,’ मी म्हटलं.

‘नाय आठवनार. बारा येळा म्हटलं. दहाच.’

तिचा चेहरा बघून मी उठले. आत्या रडणारी बाई नव्हे. नवरा गेला तेव्हा तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्याच्या मांडवात गायला उभी होती. पण आता ती बोटांवर देव मोजत होती आणि दहावर अडकून पुन्हा पहिल्यापासून धरत होती. मी भावाच्या खोक्याचं दार वाजवलं. तो डोळे चोळत बाहेर आला. अंगात विमान कंपनीनं फुकट दिलेला राखाडी पायजमा-सदरा, दवाखान्यातल्या पेशंटसारखा. मी त्याला काय झालं ते सांगितलं.

‘आत्ये, लंडनला कोण मोजत बसणार आहे?’ तो म्हणाला.

‘मी मोजनार.’

‘अगं, त्या लोकांना अकरा काय आणि दहा काय.’

‘जो राहिला तो मांडवाच्या भायेर उभा रातो. उद्या पोरीचं काय वाकडं झालं, तर माज्याच नावानं बोटं मोडशील. अकरा झाले तर गाईन. नायतर तुजी हळद तू लाव.’

आता भावाची झोप उडाली. दोन दिवसांवर हळद, हॉल घेतलेला, मुलाची आजी अट धरून बसलेली. आणि ही म्हातारी एकदा नाही म्हणाली की नाहीच, हे आम्हां दोघांना चांगलं ठाऊक होतं. त्यानं फोन काढला. विमानात इंटरनेट होतं, तेवढ्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. गावच्या ग्रुपवर त्यानं लिहिलं, आत्याला एक देव आठवत नाही, कोणाला माहीत असेल तर लगेच कळवा. उत्तरं धडाधड आली. एकानं हात जोडले. एकानं लंडनचं हवामान विचारलं. एकानं गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती टाकली. तिघांनी देव सांगितले, तिन्ही वेगळे, आणि त्यातले दोन गावात मुळात नाहीतच. चाळीस-पन्नास बायका त्या ग्रुपवर असतील. प्रत्येकीनं हे गाणं प्रत्येक लग्नात झेललेलं. पण झेलणं म्हणजे पुढचीनं म्हटलेलं पुन्हा म्हणणं. मीही त्यांच्यातलीच, त्यामुळं नावं ठेवायला मला जागा नव्हती.

‘आत्ये, गावात असताना तुला हे कसं आठवतं?’ मी विचारलं.

‘चालून.’

‘म्हणजे?’

‘हळदीच्या सकाळी मी फिरून येते ना. येकेकाकडं विडा ठेवते. पाय नेतात, तसं तोंड बोलतं. या येळेला यानं मना फिरू दिलं नाय.’ तिनं भावाकडं हात केला. ‘मना चालाला पायजे. बसून नाय येत.’

फर्स्ट क्लासमध्ये चालायला लागलो. पडद्यापासून भिंतीपर्यंत आठ पावलं. आठ पावलांत गाव कुठं बसतं? वेशीपर्यंतही पोचता येईना. खोकी एवढी रुंद करून ठेवलेली की वाट उरली नव्हती. दोन फेऱ्यांत आत्या वैतागली. मी तिचा दंड धरला आणि मागचा पडदा बाजूला केला.

एक मुलगी धावत आली. ‘मॅम, त्या बाजूला इकॉनॉमी आहे,’ ती हिंदीत म्हणाली, जसं काही तिकडं विहीर होती.

‘माहीत आहे. तिकडंच चाललोय.’

तिकडच्यांना इकडं येऊ द्यायचं नाही, एवढंच तिला शिकवलेलं असणार. इकडचं माणूस आपणहून तिकडं जातं, याचा धडा त्यांना नसावा. ती बाजूला झाली.

मागं एकदम उजेड होता. खिडक्या उघड्या, पोरं रडताहेत, माणसांचे पाय वाटेत, वेफर्सचा वास. आणि सरळ, लांबच लांब वाट. आत्यानं ती वाट नजरेनं मोजली आणि म्हणाली, ‘हां. ही बरी.’

ती पुढं, मी मागं. हळू आवाजात सुरुवात झाली. घरातला देव झाला, मी ओळ झेलली. गावदेवी झाली. वेशीवरचा झाला. मग तळ्यावरची, मग बांध लागला. बांधाच्या टोकाला उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आतबाहेर सोडायचा दरवाजा, तिथला देव झाला. ‘उघाडीच्या राजा, येजो हळदीला,’ आत्या म्हणाली, मी म्हटलं. तेवढ्यात शेवटची रांग आली. तिथं संडासासाठी माणसं उभी होती. त्यांनी म्हातारीकडं पाहिलं आणि सगळ्यांनी वाट दिली. ‘आजी, तुम्ही जा आधी,’ एक गृहस्थ म्हणाले. आत्या तिथून वळून मागं आली आणि मिठागरापासून पुढचे देव म्हणत चालली. पडद्यापाशी पोचलो तेव्हा झाले दहा.

दुसरी फेरी. दहा. रांगेतल्या लोकांनी पुन्हा वाट दिली. तिसऱ्या फेरीला त्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन काळजीनं विचारलं, ‘त्रास फार आहे का हो आजींना? माझ्याकडं गोळी आहे.’ मी म्हटलं, ‘पोट ठीक आहे. देव शोधतोय.’ ते जरा मागं सरकले.

चौथ्या फेरीला आम्ही उघाडीपर्यंत पोचलो आणि समोरून जेवणाची गाडी आली. एवढी रुंद की वाटेत बोट शिरायला जागा नाही. गाडी ढकलणारी मुलगी आम्हाला मागं फिरा म्हणत होती. आत्या मागं फिरेना. मधे एक आडवी फट होती, तिथून विमानाच्या दुसऱ्या बाजूच्या वाटेवर जाता येत होतं. मी तिला त्या फटीत घातलं. आत्या दोन पावलं आडवी गेली आणि जागच्या जागी थांबली.

‘भरती आली की बांधानं जाता येत नाय,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘उघाडीच्या पुढं पानी चढतं. मग बांधाच्या आतल्या अंगानं खालनं जायाचं. आडवं. चिखलातनं.’ तिनं माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी रुतली. ‘मी नेहमी खालनंच जाते, अगो. पाय वळतात. हितं वळाला जागाच नव्हती, सरळ चालत होते. चिखलातली बाय राहिली!’

मग तिनं उभ्याउभ्याच ती ओळ म्हटली. चिखलातल्या बाईला, भरतीच्या वाटेवरच्या बाईला, हळदीला बोलावलं. मी झेललं. पुढचे देव म्हणत आम्ही पडद्यापाशी आलो. अकरा.

आत्या परत खोक्यात यायला तयार होईना. ‘तिथं झोपले की पुन्यांदा जाईल,’ म्हणाली. मागच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती, तिथं दोन अनोळखी बायकांच्या मधे जाऊन बसली आणि त्यांच्याकडचे शेंगदाणे खाऊ लागली. मी भावाला सांगायला गेले. तो तसाच, राखाडी पायजम्यात, मागं आला.

‘आठवलं ना? मग चल आता. तुझा पलंग घालून ठेवलाय त्यांनी.’

‘तू झोप त्याच्यावर.’

‘आत्ये, लोक काय म्हणतील? फर्स्ट क्लासचं तिकीट आणि तू इथं.’

‘ते राऊदे. तुला म्हाईत हाय ती बाय कुठं होती?’

‘कोण बाय?’

‘चिखलातली. बांधाच्या खाली.’

भाऊ विचारात पडला. ‘तिथं तर नुसता चिखल होता. आम्ही भराव टाकला, तेव्हा काही नव्हतं.’

‘चिखलातच होती ती. दगड होता येक, शेंदराचा. तुज्या मशीननं कुठं ढकलला, देव जाने. आता तिथं तुज्या बिल्डिंगीच्या गाड्या उभ्या रातात. मी दर लग्नाला तुज्या गेटाशी विडा ठेवून येते. तुजा वॉचमन पयले हाकलायचा, आता खुर्ची देतो.’

हे मलाही माहीत नव्हतं. भावाला तर नव्हतंच. तो म्हणाला, ‘मला सांगायचंस की.’

‘तू कधी पायी गेलायस का तिथनं? गाडीतनं उतरशील तर सांगीन.’ शेजारची बाई हसली. तिला भाषा कळली असावी. ‘पोरगी तुजी. जागा तू बुजवलीस. त्या बायला तू बोलव. मी म्हनते, तू झेल.’

‘पुरुष माणसं झेलत नाहीत गं.’

‘पुरुष मानसं देवाचा दगड पन ढकलत नाय. झेल.’

जेवणाची गाडी परत येत होती. भावानं आजूबाजूला पाहिलं. आत्यानं ओळ म्हटली. तो ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. आत्या म्हणाली, बायला ऐकू गेलं नाय, पुन्यांदा. तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं, आणि मधेच अडखळला. गाडीवाली मुलगी मागं थांबून म्हणत होती, सर, वाट सोडा. आत्यानं तिला हातानंच थोपवलं आणि ओळ पहिल्यापासून धरली. या वेळी त्यानं ती पूर्ण म्हटली, शब्द न शब्द, डोळे खाली घालून, आणि मगच बाजूला सरला.